कंदील विझला तर

८ जानेवारी १९९६, सोमवार
हिमायतनगर, हैदराबाद

भामाक्का, तुझा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान बांधतेस का तसाच ओढत हिंडतेस? भावजींचा खोकला बसला का? थोरल्या सुनेचे दिवस भरत आलेत, तिला भरली घागर उचलू देऊ नकोस. तांबडी गाय दोन्ही वेळा दूध देते का? आणि आपल्या धाकट्या भावाच्या, दत्तोबाच्या तसबिरीपुढं सांजवात लावतेस ना? सगळ्यांचं एकेक करून विचारलं, आता माझं सांगतो.

निघताना तू ही वही हातात दिलीस आणि म्हणालीस, अंबाजी, तू पत्रात चार ओळी खरडतोस आणि बाकी सगळं क्षेम म्हणून मोकळा होतोस, यात रोजचं लिही आणि महिना भरला की वहीच पोस्टात टाक. तर हे पहिलं पान. निजामाच्या राज्यात आपल्या गावची शाळा उर्दूची, तिथं मी दीड वर्ष टिकलो. मराठी अक्षर गुळाच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलो हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे.

संदेश स्टँडवर आला होता. आपलं पोरगं कंप्युटरच्या कंपनीत साहेबासारखं हिंडतं, गळ्यात फोटोची चिठ्ठी लटकवून. घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण मी जिना चढून गेलो. संदेश हसला, म्हणाला, बाबा, ती पेटी काही गिळत नाही. मी म्हटलं, गिळू दे, मला पाय आहेत.

सून तेजश्रीनं बाजरीची भाकरी केली होती, शहरात राहून हात विसरली नाही. नात स्नेहा चार वर्षांची, बोलायला लागली की थांबत नाही. तिच्या पायात घुंगरांचे पैंजण आहेत, आंघोळीलासुद्धा काढत नाहीत. त्यामागं कारण आहे. गेल्या उन्हाळ्यात खाली पाण्याच्या टाकीचं झाकण कुणीतरी उघडं टाकलं आणि पोर आत पडली. तेजश्रीनं केसाला धरून वर ओढली. तेव्हापासून घुंगरं वाजायची थांबली की तेजश्री हातातलं टाकून धावते. एका परदेशी कंपनीनं तिला नोकरीचं पत्र दिलंय, एक फेब्रुवारीला हजर व्हायचं आहे. पत्र देवापाशी ठेवलंय आणि ही कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीपलीकडं पोरीला सोडून जात नाही. संदेश चिडतो. मी म्हटलं, आता मी आलोय ना.

११ जानेवारी, गुरुवार

आक्का, ऐक, मला नोकरी लागली! सहासष्टाव्या वर्षी.

मागच्या गल्लीत नवी इमारत आहे. तिच्या दारावर मराठी, तेलुगू आणि इंग्रजीत पाटी: निर्भय वर्ग, भीती सोडा, पुढं चला. मी उभा राहून वाचत होतो तर चालवणारे मिलिंदसर बाहेर आले. माणूस पुण्याचा, इस्त्रीचा शर्ट, कमरेला पेजर. म्हणाले, काका, तुमचा चेहरा बघून लोकांना धीर येईल, दारात बसाल का? सकाळी दहा ते दोन. नाव लिहायचं, पाणी द्यायचं, चपला नीट लावायच्या.

वर्ग खाली सेलरमध्ये भरतो. इथं तळघराला सेलर म्हणतात. आधी इथं एका नवाबाची बाग होती आणि बागेत बावडी, म्हणजे विहीर. सेलरच्या मधोमध ती तशीच ठेवली आहे. भिणारा माणूस एकटा खाली जातो, काठावर उभा राहतो आणि आपली भीती तीनदा मोठ्यानं आत बोलतो. बास, झाला वर्ग. मी म्हटलं, मी खाली उतरणार नाही, आधीच सांगतो. सर म्हणाले, तुम्हाला उतरायचं कामच नाही.

माझी खोड तुला ठाऊक आहे. मी सरांना घरचं विचारलं, आईवडील बरे आहेत का. ते हसले, म्हणाले, कोण जाणे काका, आठवत नाहीत. पुण्याच्या माणसाची थट्टा, मीही हसलो.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांतीचा तीळगूळ सगळ्यांना वाटला. तुमच्याकडं हुरडा सुरू झाला असेल.

आज हणमंतराव आले. सुलतान बाजारात त्यांचं लुगड्यांचं दुकान आहे, मूळचे बिदरकडचे. भला मोठा माणूस, पण कुत्र्याला भितो. म्हणाले, क्या बोलू अंबाजीराव, गल्लीत कुत्ता दिसला की मी पूर्ण मोहल्ला फिरून जातो, नोकर लोक हसतात. मी पाणी दिलं आणि घरच्या सगळ्यांचं विचारलं. बायको बरी, दोन मुलगे बरे, म्हातारी आई बरी. मग आवाज खाली आला. एक मुलगी होती, तारामती. सातव्या वर्षी पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि गेली. चौदा वर्षं झाली.

खाली गेले आणि पाव तासात वर आले, तोंडावर असं तेज की नवरदेव वाटावा. दाराबाहेर एक खरजुलं कुत्रं होतं, त्याच्या तोंडात हात घालून हसायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती चांगलं काम आहे हे!

एकच गोष्ट लिहून ठेवतो. ते वर आले तेव्हा त्यांच्यामागून जिन्यातून वास आला. आंबूस, कोमट, कोंडलेल्या ज्वारीसारखा. पेव उघडल्यावर येतो तो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आला नव्हता.

घरी स्नेहानं विचारलं, आजोबा, पेव म्हणजे काय? तिला सांगितलं, जमिनीत विहिरीएवढा खड्डा खणायचा, त्यात ज्वारी भरायची आणि वरून माती लिंपायची. पेव उघडलं की माणसानं आधी उतरायचं नाही. पेटता कंदील दोरीनं आत सोडायचा. कंदील जळत राहिला तर उतरायचं. विझला तर आत वाईट हवा आहे, कुणीच जायचं नाही. तिनं विचारलं, विझला तरी गेलं तर? मी म्हटलं, भाकरी खा.

१९ जानेवारी, शुक्रवार

हणमंतराव पेढे घेऊन आले. मी सवयीनं एकेकाचं विचारत गेलो. बायको, दोन मुलगे, आई. आणि थांबले. मी वाट पाहिली. मग मीच हळू म्हटलं, आणि तारामतीचं श्राद्ध वगैरे करता ना? त्यांनी माझ्या हातावर आणखी एक पेढा ठेवला. म्हणाले, कौन तारामती?

मला वाटलं, दुःखानं म्हणतायत. तर नाही. हसत सांगायला लागले, आमची घरवाली पागल झाली हो, भिंतीवरून एका परक्या पोरीचा फोटो उतरवला तर दोन दिवस जेवली नाही.

आक्का, पेढा तोंडात होता तो मी बाहेर जाऊन थुंकला.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, काका, झाड उपटलं की मूळ येतंच. मी म्हटलं, मूळ म्हणजे पोर होती ती. ते म्हणाले, उद्यापासून लोकांना घरचं विचारायचं नाही, तेवढा एक नियम पाळा.

नियम कशाला लागतो, सांग बरं?

२३ जानेवारी, मंगळवार

त्रिवेणीबाई शाळेत शिकवतात. त्यांना विस्तवाची भीती होती. त्यांची जाऊ स्टोव्हच्या भडक्यात गेली, ती यांच्या डोळ्यांदेखत. मागच्या आठवड्यात भीती सोडून गेल्या. आज दुसऱ्या कुणाला तरी घेऊन आल्या तर उजवा हात कोपरापर्यंत फोडांनी भरलेला. मी म्हटलं, अगं बाई, हे काय? म्हणाल्या, पोळी उलटताना लागलं असेल, काका, लक्षात नाही आलं. आणि हसल्या. पट्टी नाही, हळद नाही.

त्यांना नियम मोडून विचारलं, जावेचं नाव काय होतं? म्हणाल्या, मला जाऊ नाहीच, मी एकुलत्या एकाला दिलेली.

सर मागं उभे होते. नंतर म्हणाले, काका, दुसऱ्यांच्या भीतीला किती पाणी पाजाल? तुमची स्वतःची कधी सोडता? लिफ्टला भिता, सेलरच्या जिन्याला भिता, या वयात शोभतं का? मी म्हटलं, मला शोभतं.

आक्का, आज तुला एक गोष्ट लिहितो. तोंडानं कधी सांगितली नसती. दत्तोबा पेवात गेला त्या दिवशी कंदील मी सोडला होता. मी वीस वर्षांचा होतो. कंदील विझला. मी बघितलं. आप्पा बाजाराची गाडी जुंपून ओरडत होते, आदल्या वर्षी मी असंच थांबवलं तर चार माणसांत मला भित्री भागूबाई म्हणाले होते. मला वाटलं, वारा असेल, वात लहान असेल. मी कंदील वर ओढला, पेटवला आणि म्हटलं, जळतोय, उतर दत्तोबा.

एवढंच. तेव्हापासून मी जमिनीखाली उतरत नाही. ही भीती माझी आहे. तिच्यात दत्तोबा आहे. ती मी कुणाला देणार नाही.

२६ जानेवारी, शुक्रवार

झेंड्याची सुट्टी. सर बाहेरगावी. किल्ली माझ्याकडं.

आबिड्सच्या फुटपाथवरून एक कंदील आणला. विकणाऱ्यानं विचारलं, चाचा, शहर में बिजली आ गई, मालूम नै क्या? हौ म्हटलं, मालूम है.

अकरा वाजता, चांगलं लख्ख ऊन असताना, वरच्या पायरीवर बसलो आणि जिन्याच्या मधल्या पोकळीतून कंदील सोडला.  एक हात दोरी गेली, दोन हात गेली. तिसऱ्याला विझला. वर काढला, पेटवला, पुन्हा सोडला. तिथंच विझला. चार वेळा केलं.

पण माणसं तर जाऊन येतात, जिवंत. म्हणजे खाली माणसाला श्वास आहे आणि दिव्याला नाही. असलं पेव मी बघितलं नाही.

कंदील टेबलाखाली ठेवला आहे.

२९ जानेवारी, सोमवार

घरी बॉम्ब फुटला. तेजश्रीनं वर्गात नाव घातलंय. बुधवारचं. सरांनी नाव माझ्याकडून न लिहवता स्वतः लिहून घेतलं.

मी सगळं सांगितलं. हणमंतराव, त्रिवेणीबाई, कंदील. संदेश म्हणाला, बाबा, तळघरात हवा कमी असते, त्यात भूत कुठून आलं? तेजश्रीनं स्नेहाला आतल्या खोलीत पाठवलं. मग म्हणाली, मामंजी, तुम्ही तिथं बसून सगळ्या गावाला पाणी पाजता आणि मलाच आडवं येता होय? मी पहिल्या वर्गात पास झालेली बाई आहे. भाजीवाल्याच्या पुढं जाता येत नाही मला. रात्रीतून सात वेळा उठून पोरीच्या नाकाला हात लावते. हे जगणं आहे का?

तिचं खोटं नाही, आक्का. 

मी तिच्यापुढं बसलो. म्हटलं, पोरी, तुझ्या भीतीचं मूळ काय आहे सांग. ती म्हणाली, ती टाकी. मी म्हटलं, टाकीला कोण भितं? टाकीत कोण पडलं होतं?

स्नेहा आतल्या खोलीत नाचत होती. घुंगरं वाजत होती. तेजश्रीनं तिकडं बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा झाला.

३० जानेवारी, मंगळवार

तेजश्रीनं हातावर हात ठेवून सांगितलं, जाणार नाही. भीती असू दे, भीतीसकट नोकरीवर जाईन. पहिले चार दिवस तुम्ही स्नेहाला घेऊन माझ्या ऑफिसच्या खाली झाडाखाली बसा, मला खिडकीतून दिसू द्या. मग हळूहळू घरी न्या.

मी म्हटलं, चार कशाला, महिनाभर बसतो. आक्का, मला इतका आनंद झाला. भीती अशीच मोडते, जनावराला सवय लावावी तशी, थोडी थोडी. तिला विहिरीत ढकलून नाही.

मीही आज लिफ्टमध्ये पाऊल टाकलं. स्नेहानं बोट धरलं होतं. एकच मजला. घाम फुटला, पण गेलो. उद्या सरांना किल्ली परत देणार आणि नोकरी सोडणार.

संध्याकाळी सरांचा फोन आला, तेजश्रीसाठी. ती बराच वेळ ऐकत होती. विचारलं तर म्हणाली, काही नाही, सहज.

३१ जानेवारी, बुधवार, सकाळी सव्वादहा

टेबलापाशी बसून लिहितोय. लिहिलं नाही तर डोकं चालत नाही.

किल्ली द्यायला आलो तर बाकावर स्नेहा. एकटी. आई खाली गेली म्हणाली. आई म्हणाली, घुंगरं वाजवत बस, मला ऐकू येईल, मग मी विसरणार नाही —

अशी युक्ती केली बिचारीनं. काल फोनवर सरांनीच सांगितली असणार.

हाका मारल्या. खालून उत्तर नाही. दोन पायऱ्या उतरलो.  तिसरीवर तो वास — पुन्हा वर आलो. पुन्हा दोन. पुन्हा वर. सहासष्ट वर्षांचा घोडा आणि —

सर दारात उभे. शांत. म्हणतात, सुनेला आणायचं ना काका? जा की. तुम्हाला अडवतंय कोण, मी की तुमची भीती? तिला अजून दोनदा बोलायचं राहिलं असेल. तुमची इथंच सोडा. वरच्या पायरीवरून. बावडीला ऐकू जातं.

इथून रस्त्यावर जाऊन माणसं बोलवावीत तर वेळ —

पेवाची देतो. तेवढीच. दत्तोबा मला माफ कर. स्नेहाबद्दलची, तिच्या आईबद्दलची देणार नाही, ती मुठीत घट्ट — एवढं उतरून वर आलो की हे पान आक्का तुला मी स्वतः वाचून —

तीनदा म्हणायचं आहे. स्नेहा, वाजव गं, जोरात वाजव —

३१ जानेवारी, दुपारी

हलकं वाटतं. पाठीवरचं पोतं उतरल्यासारखं.

दोनदा म्हटलं तेव्हा काही नाही. तिसऱ्यांदा म्हणताना मागं कसलीशी घुंगरं वाजली, छातीत कळ उठली आणि मुठीत धरलेली तीही खाली गेली. चांगलं झालं.

सर घरी गेले. जाताना त्यांनी मला विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना? दोघंही हसलो.

खालून एक बाई वर आली. तरतरीत. चपला घातल्या. बाकावरची छोटी मुलगी तिच्या कमरेला बिलगली, तर म्हणाली, कुणाची गं तू बाळ? आजोबा, हिला घरी सोडा हं कुणीतरी. उद्यापासून नोकरीवर जाणार म्हणाली. गेली.

मुलगी रडते. पाणी दिलं. मला आजोबा म्हणते. कुणाची आहे विचारलं तर आणखी रडते.

ही वही चाळली. अक्षर माझंच. कुणा दत्तोबाचं लिहिलं आहे. कंदील विझला तर उतरायचं नाही असंही एका पानावर आहे. वाचलं. का उतरायचं नाही ते —

टेबलाखाली कंदील सापडला. पेटवून सोडला. विझला. मुलगी म्हणते, आजोबा विझला, विझला. मी म्हटलं, हो, विझला. त्यात रडायचं काय.

खाली जाऊन बघावं म्हणतो. कधी बघितलं नाही. मुलगीही चल म्हटलं. येत नव्हती. उचलून घेतली. हलकी आहे. पायात घुंगरं —

भामाक्का, तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला? सुनेचं बाळंतपण? गाय? सगळ्यांचं विचारलं. कुणी राहिलं का? तुझ्या भिंतीवर ती तसबीर कुणाची असते, तू रोज दिवा लावतेस ती? एवढं लवकर लिहून कळव. पत्र टाकायला उशीर करू नकोस. वही पहिल्या पायरीवर ठेवतो, दोन्ही हात लागतील, मुलगी फार हातपाय —